नाव घेतलं की येते

भिलाई, मंगळवार, जानेवारी १९६१

वाघ पिंजऱ्यात आहे, तरी जीव थाऱ्यावर नाही.

नंदिनीच्या खाणीकडच्या जंगलात तिथल्या ठेकेदाराच्या लोकांनी तो धरला आणि कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरच्या बाजाराजवळ पिंजऱ्यात ठेवला, लोकांनी पाहावा म्हणून. आज बायकोले आणि पोरीले घेऊन गेलो होतो. बायको शांता भंडाऱ्याकडची. तिच्या गावात वाघाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. नाव घेतलं की तो येते. इथं सारे ओरडून राहिले होते, "वाघ, ए वाघ." मटण टाकणारा बी तशीच हाक मारते. म्हणून नाव ऐकलं की तो उठते आणि सळ्यांले कपाळ लावते. कपाळाची कातडी सोलून गेली आहे. लोक हसतात.

पोरीनं बी हाक मारली. तो आला. शांतानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "कावून बलावून राहिली त्याले? त्याले यायले जागा तरी हाये का?"

तेच डोक्यात घोळून राहिलं. रानातला वाघ माणसाच्या आवाजानं दूर जाते. याले आम्ही हाकेले यायला शिकवलं. एखादी सळी सुटली तर? ते सोललेलं कपाळ डोळ्यापुढून हटत नाही.

आता घरी आल्यावर पोरगी अंगणात मैत्रिणीले वाघ बनवून हाका मारून राहिली होती. बाजाराकडून आवाज आला. एकदाच, जवाब दिल्यासारखा.

शांतानं पोरीले आत ओढलं. मी उठून दाराले कडी लावली. पिंजऱ्याले कुलूप आहे, हे मले माहीत आहे.