फाटकापर्यंतचे ब्लॉक

पिंपळगाव बसवंत, ४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस, वाल्मीकचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की अण्णा पलीकडच्या खोलीतून उत्तरं देतात, म्हणून हे पत्र. श्रावणात ओल्या फरशीवर घसरल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात, चाला. अण्णा म्हणतात, डॉक्टरांनी आधी स्वतःचं पोट कमी करावं. पण ते घाबरलेत, ताई, आणि मला ते बघवत नाही.

दारापासून फाटकापर्यंतची शहाबादी काढून टाकतोय. स्नेहाला ग्रॅनाइट हवा आहे, मला खरबरीत पेव्हर ब्लॉक. तू सांगशील ते.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे, तो राहू दे.
तुझा वाल्मीक

नाशिक, १० नोव्हेंबर २०२५

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

ग्रॅनाइटचं नाव काढू नकोस. ताई नको म्हणाली असं तुझ्या बायकोला सांग, वाईटपणा माझ्याकडे. ब्लॉकच घे. खाली दगडाची बारीक कच नीट दाबून घे, नाहीतर द्राक्षाचा टेम्पो आत आला की ब्लॉक डुगडुगतील.

आता महत्त्वाचं. काम चांगलं झालं तर अण्णा बाहेर येणार नाहीत. जन्मभर मुख्याध्यापकी केलेला माणूस बरोबर उत्तराकडे पुन्हा बघत नाही. मधला एक ब्लॉक वाकडा बसव.

स्नेहाला आशीर्वाद. तिला म्हणावं, माझ्यावरचा राग ब्लॉक बसेपर्यंत आवर.
तुझी उज्वलाताई

पिंपळगाव बसवंत, २६ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

अण्णा बाहेर आले!

ब्लॉक बसवणाऱ्या गोरक्षने वाकडं काम करायला साफ नकार दिला. आपलं लय नाव खराब होईल म्हणाला. शेवटी मीच बसवला, त्यासाठी विशेष प्रयत्न करावे लागले नाहीत. अण्णांनी खिडकीतून आठवडाभर नावं ठेवली. मी म्हणत राहिलो, सरळच आहे. काल ते काठी टेकत आले, त्या ब्लॉकवर काठी आपटली आणि मला गाढव म्हणाले. ताई, दहावी पास झालो तेव्हाही मी इतका सुखावलो नव्हतो. गोठ्यामागे जाऊन रडलो.

तुझी युक्ती त्यांना कळलेली नाही. माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझा वाल्मीक

पिंपळगाव बसवंत, २८ नोव्हेंबर २०२५

चि. उज्वला हिस अनेक आशीर्वाद.

ब्लॉक मुद्दाम वाकडा बसवला आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. एवढी हुशारी वाल्मीकची नाही, म्हणजे तुझी. तरी मी गेलो नव्हतो. भीती वाटत होती, हे तुला लिहितो, त्याला सांगणार नाही.

पण तो रोज संध्याकाळी कामावरून आला की त्या ब्लॉकपाशी उभा राहायचा. मान आकाशाकडे, हात मात्र मला धरायला पुढे केलेले. असा तासभर. शेवटी मलाच त्याची दया आली.

मला काही कळलं आहे हे त्याला कळू देऊ नकोस. आता फाटकापर्यंत जावं म्हणतो. तिथलं काम गोरक्षने फार चोख केलंय. खोट कशात काढावी, ते उलट टपाली कळव.

अण्णांचे आशीर्वाद