चार बोटं दुमड

रविवार, ता. २

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमची शेंग तुझ्याकडे येऊन आज आठ दिवस झाले आणि तिची एक ओळ नाही. तू लिहितेस, लेक तुझी मजेत आहे. मजेत असलेल्या माणसाला आईला पत्र लिहायला काय होतं, ते मला कळत नाही.

इथे शाळा उघडायला आठ दिवस उरलेत आणि माझ्याकडे अर्ध्या गावाचे गणवेश पडलेत. मान वर करायला फुरसत नाही, तरी दर अर्ध्या तासाने मशीनवरून उठते, खिडकीशी जाते आणि कशाला आले ते विसरून परत येते. काल एका मुलाच्या पँटचे दोन्ही खिसे तोंडाशीच शिवून टाकले. त्याची आई म्हणाली, बरं झालं, आता वस्तू हरवायच्या नाहीत. आमचे हे पावाची गाडी घेऊन सकाळीच बाहेर पडतात, त्यांना घर एकदम संध्याकाळी आठवतं. त्यांचं बरं आहे.

आता नीट वाच. वह्यांना कव्हरं तिलाच घालू दे, पण डिंकाची बाटली नजरेआड नको, मागे मांजरीच्या मिशांचे केस कापावे लागले होते. नवे बूट दोन दिवस आधी घरात घालायला लाव, म्हणजे फोड घरच्या घरी येतील. आणि आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम. ती आमच्याकडे पहिलीपासून चालू आहे. गणवेश, बूट, भरलेलं दप्तर अशा थाटात स्वयंपाकघरातून दारापर्यंत चालायचं. दारात हे हेडमास्तर होऊन नखं बघतात आणि काहीतरी खोट काढून एकदा परत पाठवतात. परत पाठवल्याशिवाय तालीम पुरी होत नाही. तिथे मोठ्या बाई तू हो. खोट काढायला तुला शिकवायला नको.

तिचा गणवेश दरवर्षीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी झाला, पण झाला. उद्या पाठवते. स्कर्टची उंची तू अठ्ठावन्न लिहिलीस. दोन महिन्यांपूर्वी पंचावन्न होती. टेप सरळ धरला होतास ना?

आणि आपलं ठरलंय ते लक्षात असू दे. इथली शाळा सातवीला संपते म्हणून ती तुझ्याकडे आली, पण सहामाहीपर्यंतच. तोवर रुळली तर बघू, नाहीतर मी तिला घरी आणणार आणि बसने तासभर लांबच्या शाळेत घालणार.

तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, तो जरा सविस्तर लिहून कळवत जा.

तुझी,
ठकी


सोमवार, ता. १०

चि. ठकीस,
अ. उ. आ.

टेप सरळ धरला होता. तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली, लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मी मिलिमीटरात मोजते. तुझी लेक त्यापेक्षा पुष्कळ लांब आहे.

काल तालीम झाली. माझ्या स्वयंपाकघरापासून दारापर्यंत सातच पावलं, म्हणून आम्ही जिना उतरून परत वर आलो. खालचा न्हावी गिऱ्हाईक अर्धवट सोडून बघत उभा राहिला. नखं स्वच्छ, बूट चकचकीत, खोट सापडेना. शेवटी मी म्हटलं, असा सुतकी चेहरा शाळेत चालत नाही, जा परत. ती परत गेली, पण हसली नाही.

आज सकाळी सोडायला येऊ नको म्हणाली. नाही गेले. मात्र त्याच वेळेला मला त्याच रस्त्याने काम निघालं.

एक विचारायचं होतं. स्कर्ट अगदी बेतून बसलाय, पण खाली आत एक बोटभरच कापड आहे. तू जन्मात असं केल्याचं मला आठवत नाही. तुझ्या हातचा प्रत्येक कपडा वाढत्या अंगाचा. माझ्या चाळिशीत तू मला झगा शिवलास, त्यालासुद्धा आतून चार बोटं दुमड होती. मी म्हटलं, आता मी काय वाढणार, तर म्हणालीस, असू दे. मग शेंगेच्याच स्कर्टला काय झालं? कापड कमी पडलं का?

काळजी कर, पण जेवून कर. माझा जीव तुझ्यात आहे, तो तिथे बसून तुला दिसत नसेल एवढंच.

तुझी,
ताई


शुक्रवार, ता. १४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कापड कमी पडलं. त्या रंगाचा तागा संपला होता. त्यात एवढं काय?

आमच्याकडेही तालीम झाली. धाकटा हटून बसला, पुढे नेहमी शेंगताई चालते, मी एकटा पुढे जाणार नाही. मग त्याचं दप्तर पाठीला लावून पुढे मी चालले. ह्यांनी मलाच परत पाठवलं, कारण माझ्या केसांत दोरे होते. धाकटा इतका हसला की त्याची नखं बघायची राहून गेली आणि पहिल्याच दिवशी खऱ्या मास्तरांनी त्याला उभं केलं.

शेंगेचं कार्ड आलं. मी बरी आहे, शाळा बरी आहे, मावशी बरी आहे, जेवण बरं आहे. इतकं सगळं बरं कुठे असतं का? ते कार्ड मी मशीनवर ठेवलंय आणि येताजाता वाचते. ताई, माझ्यापासून लपवू नकोस. ती रडते का? रडत असेल तर सहामाहीची वाट कशाला बघायची, मी या रविवारी येऊन घेऊन जाते. तिची खाट मी जागची हलवलेली नाही.

उलट टपाली लिही. लोभ नंतर कर, आधी उत्तर दे.

तुझी,
ठकी


बुधवार, ता. १९

चि. ठकीस,
अ. उ. आ.

ती रडत नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

काल झाडताना तिची ट्रंक सरकवायला गेले तर हलेना. सगळे कपडे आतच. लागेल तो काढते, धुऊन वाळला की घडी करून परत आत. मी तिला कपाटाचे दोन खण रिकामे करून दिलेत, त्यांत एक कंगवा आहे. शाळेत पोहण्याच्या संघात घेत होते, ही पाण्यातली मासोळी, आणि नको म्हणून आली. डबासुद्धा एकटीच खाते.

मी समोर बसवून विचारलं. तिने स्कर्टची खालची कड उलटून मला दाखवली. म्हणाली, मावशी, आईने दुमडच ठेवलेली नाही, म्हणजे पुढच्या वर्षी मी इथे नसणार हे तिचं ठरलंय. जायचंच आहे तर कोणाशी ओळख कशाला वाढवू. मग मी विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं. म्हणाली, मला राहायचंय, पण आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. मी सांगते आहे.

ठकी, तागा संपला नव्हता. तुला मी लहानपणापासून ओळखते, कापडाच्या बाबतीत तू कधी तोंडघशी पडत नाहीस. मी रागावलेले नाही. पण मुलगी शिवणाऱ्या बाईची आहे, तिला तुझा टाका वाचता येतो. आता जे काय लिहायचं ते तिला लिही, मला नको.

माया आहेच, म्हणून तर बोलते.

तुझी,
ताई


शनिवार, ता. २२

चि. शेंगेस,
अ. उ. आ.

मावशीने मला सगळं लिहिलं. तिच्यावर रुसू नकोस, मी तिच्याकडून वदवून घेतलं.

कापड होतं. उरलेल्या तुकड्याचा धाकट्याच्या दप्तराला खिसा झालाय आणि तो शाळाभर दाखवत फिरतो. कात्री लावताना माझ्या मनात आलं, एकाच वर्षाचा शिवावा. वर्षभरात तोकडा होईल, आणि तू घरी येशील. चुकून झालं असं लिहिणार होते, पण चुकून नाही झालं. गावातल्या पोरांना चार चार बोटं ठेवली आणि माझ्या पोरीला एक. फार लाज वाटली, पत्र वाचून तास दीड तास मशीनला हात लावला नाही.

सोबत दुसरा स्कर्ट आहे. तो मावशीच्या मापापेक्षा मुद्दाम लांब ठेवलाय आणि आत दोन दुमडी आहेत, चार चार बोटांच्या. मुली हसतील, हसू देत. वरची दुमड नववीत उसव, खालची दहावीत. ब्लेडने ओरबाडू नकोस, बारीक कात्रीने एकेक टाका काप. जुन्या घडीची रेघ दिसेल. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवलीस की जाते, बरीचशी.

सहामाहीचं मी बोलले होते ते विसर. संघात नाव घाल. ट्रंक रिकामी कर. मला इथे चैन पडत नाही हे खरं, पण ते माझं मी बघेन. तशी तू इथे होतीस तेव्हा तरी मी कुठे स्वस्थ बसत होते.

आणि बरी आहे, बरी आहे असलं कार्ड परत पाठवू नकोस. लोभ तर आहेच. तोही वाढत्या अंगाचा समज.

तुझी,
आई


गुरुवार, ता. २७

ती. आईस,
शि. सा. न.

स्कर्ट मिळाला. मावशीने लगेच टेप लावला. ती म्हणते साडेतीन सेंटिमीटर जास्त आहे आणि ती तुला याचा जाब विचारणार आहे, तर तयारीत राहा.

संघात नाव घातलं. रोज सकाळी सहाला पाण्यात उतरावं लागतं, पाणी फार गार असतं. ट्रंक रिकामी झाली, ती धाकट्याला हवी असेल तर पाठवते. कपाटाचे दोन खण पुरले नाहीत. तिसरा मागितला तर मावशी म्हणाली, आईवर गेलीस.

पहिले दोन आठवडे मला तुझी इतकी आठवण आली की लिहायलाच बसवेना, म्हणून ते तसलं कार्ड लिहिलं. अजूनही येते, पण आता लिहिता येतं.

पुढच्या पत्रापर्यंत माझ्यावरची माया कमी करू नकोस आणि माझी खाट धाकट्याला दे, तो कधीपासून मागतोय.

आज नवा स्कर्ट घालून गेले. माझ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, हा कोणाचा घालून आलीस, मोठ्या बहिणीचा का? मी सांगितलं, माझाच आहे, दहावीतला.

तुझी,
शेंग