तो वर येईपर्यंत

४ नोव्हेंबर, म्हैसूर

आलो बाई एकदाचे. नजरबादमधल्या सयाजीरावांच्या घरामागच्या दोन खोल्या आता आमच्या. भाडं नाही, वर मला पगार. आई फोनवर म्हणाली, आयत्या बिळावर नागोबा. म्हटलं, नागोबा नाही गं, मासा. अरापायमा. माझ्याहून हातभर लांब, शेपटीकडचे खवले कुंकवासारखे लाल. दिवाणखान्याची एक अख्खी भिंत त्याच्या काचेच्या टाकीने खाल्ली आहे. रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकले, पुण्यात मोठ्या मत्स्यालयात इतकी वर्षं काढली, पण असला राजेशाही गडी कधी हाताळायला मिळाला नव्हता.

निनादही खूश. त्याची कंपनी हेब्बाळला आणि बस कोपऱ्यावरच येते. खरं तर त्याच्या दम्यापायीच पुणं सोडलं. मागच्या वर्षी त्याला दोनदा ऑक्सिजन लावावा लागला, तेव्हापासून माझं अर्धं लक्ष नवऱ्याच्या छातीवर असतं. जाहिरातीत जोडपंच हवं असं लिहिलं होतं, तेही पथ्यावर पडलं.

राव इथल्या जुन्या लष्करी मराठ्यांपैकी. दिवसभर टाकीसमोर वेताच्या खुर्चीत बसून असतात. एक वाक्य बोलतात आणि मग कितीतरी वेळ गप्प. त्यांच्या पत्नी, वनजाअक्का, दोघांच्या वाटचं एकट्या बोलतात. म्हणाल्या, परकं समजू नको री, सुम्ने राहा, सुम्ने खा. सुम्ने म्हणजे उगीच, निवांत, गप्प, काय हवं ते.

९ नोव्हेंबर

अरापायमाचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. त्याला वर येऊन तोंडाने हवा गिळावी लागते, नाही मिळाली तर मासा असून बुडून मरतो. वर आला की घप्प असा आवाज होतो, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातो. किती वेळाने वर येतो यावरून त्याची तब्येत कळते. पण मला बसायला वेळ कुठला? पाणी बदला, गाळणी धुवा, त्याची मासळी चिरा. निनादचं आज घरून काम होतं, म्हणून त्यालाच बसवलं. प्रत्येक घप्पला वाडग्यात एक चिंचोका टाकायचा. बायकोची नोकरी नवऱ्याने करायची वाटतं, असं कुरकुरला, पण लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. रावांनी लगबगीने उठून आपली खुर्ची त्याला दिली. फार सज्जन माणूस.

१७ नोव्हेंबर

निनादचा दमा पळाला. आज चामुंडीच्या पायऱ्या चढून गेला, पंप खिशातून काढलासुद्धा नाही. देव पावला. आता घरून काम असलं की तो आपणहून टाकीसमोर बसतो. रावही हिंडूफिरू लागलेत, सकाळी बाजारातून स्वतः वांगी निवडून आणतात आणि फाटकातूनच मोठमोठ्याने बोलत येतात. मी अक्कांना म्हटलं, तुमच्या घरची हवा औषधी आहे. त्या हसल्या नाहीत. माझ्या ताटात आणखी एक चपाती वाढली.

२४ नोव्हेंबर

दुपारी जेवताना निनाद वाक्याच्या मध्येच थांबला. घास हातात, नजर माझ्यावर. चेष्टा करतोय म्हणून मी कोशिंबीर वाढत राहिले. दिवाणखान्यात घप्प झालं. त्याने श्वास घेतला आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

२७ नोव्हेंबर

फांदी रोज तुटते आहे. आज त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. छाती हलत नव्हती. समोरच्या चहावर साय धरली, तरी हलली नाही. डोळे उघडे, चेहरा शांत, माझ्याकडेच बघत होता. मग घप्प झालं आणि माझा हात वर उचलला गेला. विचारलं तर म्हणतो, छान वाटतं गं, कसली घाईच नसते. कंपनीतल्या डॉक्टरांनी तपासलंय, फुप्फुसं उत्तम आहेत म्हणे. मला भीती वाटते आहे. साध्या शब्दांत, भीती.

३० नोव्हेंबर

अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलता सोलता अक्कांनी सांगितलं. आधी हे रावांना होतं, कितीतरी वर्षं. जो समोर बसून माशाच्या श्वासाची वाट बघतो त्याचा श्वास मासा घेतो. दुसरा कुणी बसला की पहिला सुटतो. जोडपं हवं अशी जाहिरात रावांनी त्यासाठीच दिली होती. तुम्ही का नाही बसलात, असं मी विचारलं. धैर्य झालं नाही, म्हणाल्या, आणि मग नुसतं तप्पायतु, तप्पायतु. चुकलं माझं. शेंगा सोलायचं मात्र थांबवलं नाही.

मी तशीच रावांकडे गेले. त्यांना काही आठवत नाही. खोटं बोलत नव्हते, मी त्यांचे डोळे पाहिले. सुटणारा सगळं विसरतो. म्हणाले, मासा तो, अष्टे, एवढंच. आणि तो त्यांनी विकलाय. हुणसूरजवळच्या कुणाच्या फार्महाऊसवर तळ्यात जायचाय. गरज सरो, वैद्य मरो.

आणि निनादला तिथे बसवलं कुणी? मी.

२ डिसेंबर

विक्री थांबवत नाहीत. हातापाया पडले. एवढा मासा हलवताना घाबरतो, उसळतो, तोंड आपटून घेतो. कितीतरी वाटेतच जातात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक. आणि तो गेला तर निनाद —

मी खुर्चीत बसले आहे. निनादला मागच्या खोलीत पाठवलं आणि चिंचोके माझ्याजवळ घेतले.

५ डिसेंबर

येत नाही. तो खाली गेला की श्वास धरते, छाती फुटायला येते, तोंड उघडतं. माझा श्वास माझाच राहतो. पुन्हा धरते. अक्का दारातून बघतात आणि जातात.

७ डिसेंबर

आलं. माझ्याकडे आलं.

मागच्या खोलीत निनाद खोकला. त्याचा जुना, घरघरणारा, घाणेरडा खोकला. धावत जाऊन पंप दिला आणि त्याला धरून रडले. तो म्हणाला, अगं, जुना दमाच तर आहे, रडतेस काय.

९ डिसेंबर

बोलायला जमत नाही. बोललं की हवा संपते आणि तो वर येईपर्यंत दुसरी मिळत नाही. म्हणून लिहिते.

निनादला काही आठवत नाही. ही वही वाचायला दिली. वाचली. माझ्या केसांवरून हात फिरवला, म्हणाला, फार दमलीस, हे काम संपलं की पुण्याला जाऊन येऊ. मग रावांबरोबर टेम्पो ठरवायला गेला. दोघं हसत होते.

पळून जाऊन उपयोग नाही. मासा असेल तिथे — त्याच्याजवळ मीच हवी. उपाशी ठेवलाय, वाटेत पाणी नासू नये म्हणून. ताडपत्रीच्या टाकीत वर हातभर हवा सोडायची. सगळं नीट करायचं. दुसऱ्या कुणाला बसवणार नाही. कुणालाच.

११ डिसेंबर

ओल्या झोळीतून काढला. आठ माणसं लागली. टेम्पोत टाकी, मागे मी त्याच्याजवळ. उसळतो आहे, सारखा वर — मीही कुत्र्यासारखी धापते —

निनादच्या हातात बाटली. लवंगेचं तेल. मोठे मासे नेताना घालतात, झोपाळू होतात, हे मीच त्याला कधीतरी पुण्यात सांगितलेलं. अरापायमाला घालायचं नसतं, झोपला की वर येत नाही, हे नव्हतं सांगितलं. मनगट धरलं त्याचं. नको म्हणायला हवा नव्हती. त्याला वाटलं, माशाचीच काळजी. किती जीव लावलास गं, म्हणाला. ओतलं. सगळं.

पुढे जाऊन बसलाय, उदय ड्रायव्हरशेजारी.

पाणी शांत.

हात घातला. डोळा उघडा आहे त्याचा. उचलवत नाही माझ्याने. तोंड तरी — निसटतो —

केबिनची काच बडवली. निनाद वळला. हसला. अंगठा दाखवला. गाणी लावलीत त्यांनी —

हसता हसता खोकला. त्याचा खोकला. छाती हलते त्याची, वर खाली, कुणाला न विचारता. बघते आहे. काचेतून दिसते. पंप त्याच्या डाव्या खिशात आहे, निनाद, डाव्या, लक्षात ठेव, रात्री उशाशी —