ढब्बूचा कोरडा ट्रे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बेकरी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणी भरीस न घालता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं जाग्यावर आहे.

१. बेकरी, भट्टी व वरच्या दोन खोल्या मुलाच्या नावे. त्याने कष्ट केलेत, कुरकुरत का होईना.

२. भिंतीला टांगलेला कोरडा ट्रे मात्र सुनेला. त्यावर फक्त धाकट्या नातीचा, म्हणजे ढब्बूचा, पाव भाजतात. नाव ढब्बू, अंगावर मांस नाही. तिच्या शरीराला चरबी पचवता येत नाही; ती रक्तातच साचते आणि पोटातलं स्वादुपिंड सुजतं. ट्रेला लोणी फासायला बेकरीवाल्याच्या हाताला सांगावं लागत नाही. मुलाने हाही ट्रे दोनदा फासला आहे, लेकीवर जीव असूनसुद्धा. म्हणून त्याने याला हात लावू नये.

३. थोरल्या नातीचा लाल स्वेटर माझ्या कपाटात आहे. तो कुणालाही देऊ नये. ती पोट दुखतं म्हणायची, डॉक्टर जंतांचं औषध द्यायचे, आणि पोर अशक्त झाली म्हणून आम्ही सगळे तिला लोणी-पाव भरवायचो. सहाव्या वर्षी गेली. पुढे ढब्बूचं रक्त तपासायला घेतलं, तेव्हा नळीत वर दुधासारखी साय धरली आणि थोरलीला काय झालं होतं ते कळलं. ते दुःख माझ्याबरोबरच जाईल.

४. ह्यांचं मनगटी घड्याळ धाकट्या दिरांना. "वहिनी, पोरीला किती उपाशी ठेवणार?" म्हणत त्यांनी ढब्बूला आठवडाभर चोरून बिस्किटं चारली आणि पोर दवाखान्यात पोचली. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. घड्याळ न्यावं, माफी मागू नये.

५. मी जाईन त्या दिवशी घर माणसांनी भरेल. शेजारणी ताटं आणतील, मायेने आग्रह करतील, आणि ढब्बू रडता रडता कुणालाच नाही म्हणणार नाही. तिच्या वतीने नाही म्हणायला आजवर मी होते. तेव्हा सूनबाई, आधी भट्टी पेटव. तिचा पाव भाज, समोर बसून तिला खाऊ घाल. तिचं पोट भरल्याशिवाय मला घराबाहेर काढू नये. लोक ताटकळतील, ताटकळू देत. मला कुठे जायची घाई नाही.

सही: बेकरीवाल्या आजी
साक्षीदार: समोरचे चष्मेवाले; ढब्बूच्या वर्गशिक्षिका
ठिकाण: बेकरीमागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी