इंट्रिकसी म्हणजे गुंता नव्हे

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायला बसलेय. हसू नका. इंट्रिकसी. शाळेत मी दर वर्षी फळ्यावर ‘गुंतागुंत’ लिहून मोकळी होते. आज नववीतली एक मुलगी उठली, धूलकोटहून येते, भारी चौकस. म्हणाली, ‘मॅडम, पण धड्यात तर जाळीच्या नक्षीची तारीफ केली ना! गुंत्याची कोणी तारीफ करतं का?’ घ्या! इतकी वर्षं शिकवतेय, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मला तुमचा माग आठवला. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, रूळ संपला की माग बंद करून तुम्ही खाली बसायचात, बोटांना राख लावायचात आणि प्रत्येक जुन्या धाग्याचं टोक नव्या रुळावरच्या धाग्याला पीळ देऊन जोडायचात. हजारो धागे. हे चुकत कसं नाही, असं मी विचारलं तर म्हणायचात, ‘ज्याचा त्याले जोडला का झालं. धागा मोजू नको, त्याचा शेजारी पाह्य.’ वर्गात मी हेच सांगितलं. पुष्कळ बारीक गोष्टी एकमेकींत शिरलेल्या, तरी प्रत्येक आपल्या जागी, ती इंट्रिकसी. जागा सुटली की गुंता. कायद्यातल्या बारकाव्यांनाही हाच शब्द लावतात, तेव्हा बहुतेक अनेकवचनात. मुलगी खूश झाली. पण आबा, तुमच्या मागावरही एकदा जागा सुटली होती, आणि त्या दिवसाचं खरं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मीही तेव्हा नववीतच होते. डबा घेऊन कारखान्यात आले. ‘हात लावू नको हं,’ असं बजावून तुम्ही जेवायला बसलात. तुम्ही तिकडे भाकर खाताय, आणि इकडे मी बोटांना राख फासून काठाजवळचे आठ-दहा धागे जोडतेय. मदत म्हणे! आबा चकित होतील, असं वाटलं होतं मला. तुम्ही आलात आणि आपणच तिथवर आलो होतो असं समजून पुढचे जोडत गेलात.

संध्याकाळी माग सुरू झाला आणि नेमके काठाजवळचेच धागे तटातट तुटायला लागले. दोन-चार एकमेकांवर चढले होते, काठाचे रंग उलटसुलट. कारखान्याचे शेठ आले, पाहिलं, म्हणाले, ‘चाचा, अब नज़र नहीं रही तुम्हारी.’ तुम्ही वाकून काठावरून बोट फिरवत राहिलात. मी रिकामा डबा धरून शेजारीच उभी. दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडून माग काढून घेतला आणि तुम्हाला आडव्या धाग्याच्या कांड्या भरायला बसवलं.

इतवाऱ्यातल्या दवाखान्यात जाऊन तुम्ही डोळे तपासून घेतलेत. डॉक्टर म्हणाला, नजर ठणठणीत. घरी येऊन आईला म्हणालात, ‘त्याले कापडातलं काय कळते?’ पुढे तर सुईत दोरा ओवायलाही तुम्ही माझ्याकडे द्यायचात. मी ओवून द्यायची.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीये, म्हणून धीर होतोय. तुमची नजर शाबूत होती, आबा. ते धागे मी जोडले होते. आणि मी गप्प राहिले ते मार बसेल म्हणून नव्हे, तुम्ही मला कधी मारलंच नाहीत. शेठसमोर मला लाज वाटली, एवढंच.