लांब नाकाचं पिस्तूल

सोमवार, २ डिसेंबर २०२४

आज सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी, गुलमंडीमागच्या गल्लीतल्या बंदुकीच्या दुकानात, बद्रीनाथनं मला दुसऱ्याचं पिस्तूल दिलं. वेळ अचूक आहे. पावतीवर मी स्वतःच्या हातानं घातलीय.

निवडणूक आली की परवानेवाल्यांनी हत्यारं ह्या दुकानात जमा करायची, आचारसंहिता उठली की परत न्यायची. बाबांनी पिस्तूल माझ्या नावावर केल्यापासून हेच चाललंय. पिशवी माझीच होती — जांभळ्या फ्लॅनेलची, मी शिवलेली. मी सही केली आणि निघाले. उघडून पाहिलं नाही! का, तर दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बद्रीनाथनं स्वतःचं हेल्मेट बसवलं होतं आणि मी बासष्ट वर्षांची बाई उभी होते. त्याबद्दल त्याला झापण्यात माझं लक्ष गेलं.

मी वाळूजच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. माल न बघता सही करणाऱ्यांची मी पार सालटी काढलीत. आणि आज मी!

घरी येऊन नाडी सोडली तर आतून हे लांब नाकाचं धूड.

घरकामाची गोजरबाई भांडी टाकून दारात. आमचं पिस्तूल तिच्या ओळखीचं, दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू तीच लावते. म्हणाली, "अगं बाई! ह्याचं नाक कुणी वढलं ओ?"

हसले नाही. ती गेल्यावर हसले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दुकान बंद. बद्रीनाथ फोन उचलत नाही. परक्याचं हत्यार घरात ठेवणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून वेळ लिहून ठेवतेय.

तोवर मापं घ्यायला व्हर्नियर काढला. हात स्वस्थ बसत नाहीत.

दोन्ही ब्राउनिंग, दोन्ही बेल्जियमची, दोन्ही बत्तीस बोअर. माझं जुनं मॉडेल, १९१० सालचं. हे त्याच्यानंतरचं, १९२२ चं. माझ्याची लांबी १५३ मिलिमीटर — १९९३ साली मोजून वहीत लिहिलीय. हे १७८. पंचवीस मिलिमीटर सगळे नाकात! आणि ते नाक अखंड नाही. जुन्याच स्लाइडला, म्हणजे वरच्या सरकत्या भागाला, पुढे एक टोपण जोडलंय. म्हणजे नवीन साचे करायला नकोत, जुन्यावरच भागवा. आमच्या कारखान्यात असले प्रस्ताव मी लाल शाईनं परत पाठवायचे.

मूठही लांब. माझ्यात सात गोळ्या बसतात, ह्यात नऊ. मुठीमागची कळ तशीच — मूठ नीट आवळल्याशिवाय गोळी सुटत नाही. ती सोय दोघांतही, तेवढं बरं.

पण माझं कसं गुळगुळीत! कुठं अडकत नाही, कुठं टोचत नाही. नदीतला गोटा हातात घ्यावा तसं. हे म्हणजे सायकलचा पंप.

मंगळवार, ३ डिसेंबर

दुकान उघडायच्या आधी शटरसमोर उभी. बद्रीनाथ आला. माझा चेहरा पाहून त्यानं आधी खुर्चीवरचं हेल्मेट उचललं.

मी म्हटलं, "हे माझं नाही."

तो म्हणाला, "मॅडम, तुमचंच आहे."

"मी तेहेतीस वर्षं ते हाताळतेय, आणि तू मला सांगतोस?"

"लायसन काढा मॅडम. नंबर वाचा. मी नंबर ह्याच्यावरचा वाचतो."

वाचले. एकेक आकडा. सगळे जुळले.

पुन्हा वाचले. चष्मा पुसून वाचले. जुळलेच.

म्हणे यंदा पहिल्यांदाच त्यानं नंबर बघून पिशव्या भरल्या. एरवी पिशवी बघूनच द्यायचे — आधी त्याचे वडील, मग तो. पिशवी सगळ्यांना पाठ. नूतनीकरणाच्या वेळी कारकूनही पिशवीकडे बघायचा, पिशवीत नाही. आणि मी? मी लांबी मोजली, वजन केलं, नळीचा व्यास लिहिला. नंबर तेवढा कधी पडताळून पाहिला नाही. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर!

मग छोटं कुणाचं? खुलताबादच्या कुणा मोहियोद्दीन यांचं. सीताफळांची बाग आहे. लांब नाकवालं त्यांच्याकडे असायचं. त्यांच्या पिशवीत यंदा माझं छोटं गेलंय.

घरी येऊन हिशेब जुळवत बसले. बाबा आबकारीत इन्स्पेक्टर. त्यांचं पिस्तूल चामड्याच्या कव्हरातच असायचं, मला हात लावू द्यायचे नाहीत. १९९१ च्या दिवाळीत पहिल्यांदा माझ्या हातात ठेवलं — छोटं. पुढच्या वर्षी माझ्या नावावर केलं. नंबर त्यांच्या जुन्या परवान्यावरून उतरवला. म्हणजे घोटाळा त्याआधीचा. १९९१ च्या उन्हाळ्यात निवडणूक होती. हत्यारं ह्याच दुकानात जमा होती.

म्हणजे चूक बद्रीनाथच्या वडिलांची! आणि त्या चुकीवर मी जन्मभर जीव लावून बसले.

बुधवार, ४ डिसेंबर

बद्रीनाथला लेखी नोटीस दिली — वडिलांची चूक लेखी कबूल कर. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी शिकवलं तशी: तारीख, विषय, संदर्भ, तीन परिच्छेद. त्यानं ती दोनदा वाचली. म्हणाला, "मॅडम, मला काय बी बोला. पण दादा चुकणारे नव्हते." डोळे भरले होते त्याचे. मी नोटीस परत घेतली नाही.

परवान्याची मुदत ३१ डिसेंबरला संपते. यंदा हत्यार नंबरसकट दाखवायचंय. नंबर लांब नाकवाल्याचा. म्हणजे लांब नाकवालं माझं, आणि बाबांनी हातात ठेवलेलं छोटं कायमचं खुलताबादला!

शुक्रवार, ६ डिसेंबर

नंबर रोज तपासते. बदलत नाही.

सोमवार, ९ डिसेंबर

मोहियोद्दीन दुकानात आले. ऐंशीच्या घरातले, शिडशिडीत, पांढरी टोपी, हातात सीताफळांची पिशवी. बरोबर सून ताहेरा, शिक्षिका आहे. मला बघताच म्हणाले, "तो आपइच हैं वो मॅडम! पिशवी खोली तो छोटी निकली. मैं समझा, बुढ़ापे में लोहा भी सिकुड़ता होइंगा."

ताहेरा म्हणाली, "अब्बा, आहिस्ता. दुकान आहे."

"दुकानच आहे, मशीद थोडीच आहे?"

दोन्ही पिस्तुलं काउंटरवर शेजारी ठेवली. रिकामी, मॅगझिन काढून. मोठ्या बहिणीशेजारी धाकटी. छोट्यावर नसलेली धूळ मी रुमालानं पुसली. बावळटपणा!

मी म्हटलं, "जुनं ते जुनं. एकसंध आहे. तुमच्याला टोपण लावलंय."

"टोपण नको बोलू मॅडम. नाक है वो. बागेत वानरं येतात. छोटी दाखवली तर हसतात. लंबी दाखवली की पळतात."

"वानरांना मॉडेल कळतं?"

"खुलताबादच्या वानरांना सगळं कळतं."

बद्रीनाथ खाली मान घालून हसत होता. माझ्याशी बोलत नाही, पण हसत होता.

"आणि नऊ गोळ्या!" मोहियोद्दीन म्हणाले.

"नेम असेल तर सात पुरतात."

"और नसेल तो?"

"तर नऊही वाया."

"वा! एकदम इन्स्पेक्टरसाबची बेटी."

मग त्यांनी छोटं उचलून माझ्यापुढे धरलं. "पकडा." मी धरलं. ते पिस्तुलाकडे नाही, माझ्या बोटांकडे बघत राहिले. म्हणाले, "बराबर बसतं." बाबांना ओळखायचे, बागेत यायचे बाबा. मला हे आजच कळलं. अदलाबदल कशी झाली असेल, विचारलं. म्हणाले, "पुरानी बात. चाय मंगवा रे बद्री."

माणूस आवडला मला. लिहून टाकते, कुणी वाचणार नाही. सीताफळंही चांगली होती.

गुरुवार, १२ डिसेंबर

कलेक्टर कचेरीत विचारून आले. दोघांनी मिळून अर्ज केला, तर नंबर एकमेकांच्या परवान्यावर चढवता येतात. छोटं मला राहील! अर्ज सुवाच्य अक्षरात भरला. एकच रकाना मोकळा ठेवला: 'अदलाबदल केव्हा व कशी झाली याचा खुलासा'. म्हटलं तिथं लिहू, दुकानदाराची चूक.

मोहियोद्दीन बाजाराला आले होते, दुकानात गाठलं. त्यांनी अर्ज वाचला. त्या रकान्यावर बोट ठेवून थांबले. मग घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"ये मैं नहीं भरता. तुम्ही पण भरू नका."

"का?"

"बस. नका."

"छोटं हवंय का तुम्हाला? स्पष्ट सांगा!"

"मॅडम, मला काहीच नको."

"मग सही करायला काय जातं?"

त्यांनी टोपी सारखी केली आणि गेले. ताहेरा वळून म्हणाली, "ताई, अब्बा नाय म्हणले म्हणजे कायतरी आसंल." कायतरी! मला माहितेय काय ते. छोट्याला आज बाजारात मागणी आहे, संग्राहक वेडे असतात. गोड बोलणारा लोभी म्हातारा. सीताफळं परत करायला हवी होती. खाल्ली मी.

शुक्रवार, १३ डिसेंबर

कुणाशी बोलले नाही. गोजरबाईशी बोलले, तिच्यावर ओरडले, मग तिला चहा दिला.

रविवार, १५ डिसेंबर

राग होता म्हणून लांब नाकवाल्याची साफसफाई काढली.

ते टोपण. एक खटका दाबायचा, थोडं फिरवायचं, हातात येतं. पुन्हा लावायचं — टक. शंभर वर्षांपूर्वीचं काम, आणि जोडात नखही जात नाही. फीलर गेजची सगळ्यात बारीक पट्टी सरकवून पाहिली. नाही गेली. ज्यानं हे बसवलं, त्याचा माल मी डोळे मिटून पास केला असता. (नाही. डोळे उघडे ठेवून.)

मग हात लांब करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. रिकामंच. दोन वर्षांपासून माझा उजवा हात जरा थरथरतो. छोट्याचं टोक त्याबरोबर थरथरतं, मी दातओठ खाते. हे पुढं जड. टोक हललं नाही. पंधरा तारखेच्या चौकोनावर ठाम उभं!

पुन्हा धरलं. ठाम.

छोटं देखणं आहे. ह्यात वादच नाही. पण बासष्टाव्या वर्षी हे बरं, असं आज माझं मत आहे. आजच्यापुरतं. मोहियोद्दीनना कळता कामा नये.

बुधवार, १८ डिसेंबर

बद्रीनाथचा निरोप: जुन्या वह्या माळ्यावर आहेत, दादांची चूक नव्हती हे दाखवल्याशिवाय राहणार नाही. शोध म्हणावं.

शनिवार, २१ डिसेंबर

दहा दिवस उरलेत. अर्ज टेबलावर. रकाना मोकळा. खुलताबादहून काही नाही.

काल वानरांची आठवण येऊन एकटीच हसले. संताप आला.

सोमवार, २३ डिसेंबर

बद्रीनाथ स्वतः घरी आला. १९९१ ची वही, आत टाचणीनं लावलेली चिठ्ठी. त्याच्या वडिलांचं अक्षर:

'८ जुलै. इन्स्पेक्टरसाहेब व मोहियोद्दीन यांनी राजीखुशीने पिस्तुले आपसांत बदलली. साहेबांच्या मुलीचा पंजा लहान आहे. कोणास बोलू नये.'

खाली दोन सह्या. एक बाबांची. सरकारी शाईनं घरचं पत्र कधी लिहिलं नाही, त्या बाबांची.

आणि ते मोकळ्या रकान्यावर थांबलेलं बोट! तिथं खरं लिहिलं असतं तर बाबांचं नाव आलं असतं.

बद्रीनाथची माफी मागितली. लेखी. अर्ज फाडला. खुलताबादला पत्र पाठवलं:

'मोहियोद्दीनसाहेब, छोटं तुमचं, तुमच्याकडेच राहू द्या. लांब नाकाचं बाबांचं आहे, ते माझ्याकडे राहील. त्या दिवशी बाबा तुम्हाला काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द हवं आहे. लेखी उत्तर सोमवार, ३० डिसेंबर, दुपारी चारच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. फोन चालणार नाही.'