पट्ट्याच्या टोकाचा गाळ

पप्पा,

मी काल रात्रभर झोपले नाही. एका पांढऱ्या गाडीमुळे. उद्या सकाळी आम्ही ती घ्यायला जाणार आणि तिथूनच सरळ माळशेज घाट चढून सासरच्या गावी देवीला नेणार, माझ्या दोन वर्षांच्या पोरीला घेऊन. आणि त्या गाडीत कधीतरी पुराचं पाणी शिरलेलं आहे. मला माहितीये. ओळखायला तुम्हीच शिकवलेलं, म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्ही गेलात तेव्हा माझी शाळा सुटली ती सुटलीच, तर चुकेल कुठेतरी, समजून घ्या.

आई नव्हती म्हणून रविवारी तुम्ही मला ठाकुर्लीच्या गॅरेजवर न्यायचात. लोक जुनी गाडी घ्यायच्या आधी तुम्हाला दाखवायला आणायचे. तुम्ही पहिला हात बोनेटवर ठेवायचात. गरम लागलं की म्हणायचात, "घरी न्या, उद्या गार असताना आणा. गरम गाडी खोटं बोलते." मग मला मागच्या सीटवर बसवायचात. "सीटचा पट्टा ओढ. अजून ओढ. पार संपेपर्यंत." कारण गाडी धुणारे सीट धुतात, कार्पेट बदलतात, सेंट मारतात, पण पट्टा शेवटपर्यंत कोणी ओढून बघत नाही. पुरात गेलेल्या गाडीचा गाळ तिथे गुंडाळून बसतो. मी बोट लावून तुम्हाला दाखवायची, तुम्ही गिऱ्हाइकाकडे बघून नाही म्हणून मान हलवायचात. मला तेव्हा वाटायचं मी पण मेकॅनिक आहे.

एकदा एका काकांची लाल गाडी आलेली. मी सगळ्यांसमोर बोलले, "पप्पा, किती छान आहे ना!" तुम्ही तिथेच ओरडलात. "रंग कोणीपण मारतो. तू काय बघितलंस ते सांग, तुला काय आवडलं ते नको." मी टायरांच्या मागे जाऊन रडले. नंतर तुम्ही भजी आणलीत आणि माझ्या बाजूला टायरावर बसून बोललात, "अगं, माझ्या शब्दावर माणूस पोराबाळांना गाडीत बसवतो." तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मला भज्यांचं पडलेलं.

काल मी शीळ रोडला जुन्या गाड्या विकतात तिथे उभी होते आणि तुमचं तेच माझ्या डोक्यात. विकणारा पोरगा गोड बोलत होता. "वहिनी, पुण्याच्या डॉक्टरची गाडी आहे. एक हात चाललेली, एकच मालक." तुम्ही असता तर हसला असता. तुम्ही म्हणायचात ना, विकायला आलेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते, मग ते डॉक्टर दवाखान्यात चालत जातात का! मी बोनेटवर हात ठेवला, गरम. मागे बसले आणि पट्टा ओढला. ओढतच गेले. टोकाला पिवळी रेघ होती आणि सुकलेला गाळ, बोटाला लागला. मग मी पुढे येऊन चावी फिरवायला लावली. एअरबॅगचा दिवा लागून विझायला पाहिजे, तो लागलाच नाही. म्हणजे एअरबॅग बिघडलेली कळू नये म्हणून कोणीतरी तो मुद्दाम काढलाय.

मी परत मागे जाऊन पट्टा ओढून दाखवला आणि नवऱ्याला हळूच बोलले, "अहो, ही पाण्यातली आहे." तो पोरगा लगेच, "काय वहिनी, धूळ आहे ती. आमच्याकडे कोणी पट्टे ओढत नाही, पट्टा लावतात!" तिथले सगळे हसले. माझा नवरा पण हसला आणि म्हणाला, "हिचा बाप मेकॅनिक होता, लहानपणापासून हिला सगळ्या गाड्या आजारी दिसतात." पप्पा, तो वाईट नाही. चार लोकांत लाजला, म्हणून बोलला. पण माझ्या हातातून तो पट्टा सुटला आणि सर्रकन आत गेला.

तो ही गाडी कोणासाठी घेतोय तेच मला खातंय. मागच्या पावसाळ्यात स्कूटर घसरली आमची. पोरगी माझ्या मांडीवरून रस्त्यावर पडली, मागून टेम्पो येत होता, तो थांबला म्हणून वाचली. त्या दिवशी नवरा रस्त्यावर बसून रडला. बोलला, आता हिला दोन चाकांवर बसवणार नाही. सासूबाईंनी नवस बोलला, दारात चार चाकं आली की आधी देवीला दाखवायची, त्याच्या आधी दुसरीकडे फिरवायची नाही. म्हणून काल मी घरी आल्यावर म्हटलं, आधी कुठल्यातरी मेकॅनिकला दाखवू, तर तो म्हणाला, "देवीला दाखवून येऊ, मग तुझ्या मेकॅनिकला दाखवू." सासूबाई आतून बोलल्या, "नारळ आणून ठेवलाय गं बाई. आता खोट काढू नको. अपशकुन होतो." हार पण सांगून झालाय.

तुम्ही म्हणायचात, पाण्यातली गाडी आज चालते, उद्या पण चालते, आणि एक दिवस उतारावर बंद पडते. इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टीअरिंग वळता वळत नाही. मी रात्रभर परतीचा घाट उतरत होते, पप्पा. डोळे मिटले की उतार.

दादाने बघितली तर एका मिनिटात सांगेल. तो आता ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे गॅरेजमध्ये आहे, लोक म्हणतात तुमच्यासारखाच हात आहे. पण मी जातीबाहेर लग्न केलं तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. बोलला होता, "पप्पा असते तर तू हे केलं नसतंस." असता तर तुम्ही काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. छातीत दुखतंय म्हणालात, गॅस असेल म्हणून सोडा प्यायलात आणि गेलात. विचारायचं कुठे? माझी पोरगी झाली तेव्हा दादाला फोटो पाठवला, त्याने बघितला पण नाही. भाऊबीजेला मी ताट करून दाराकडे बघत बसते आणि मग ते स्वतःच उचलून ठेवते. आज सकाळी शेजारच्या काकूंच्या फोनवरून लावला. "हॅलो" म्हणाला. अगदी तुमचा आवाज. मी "दादा" म्हटलं आणि त्याने कट केला.

आणि एक सांगते, रागवू नका. काल त्या गाडीत बसले तेव्हा बाहेर ऊन होतं, आत गार हवा लागली, पोरगी माझ्या खांद्यावर लगेच झोपली, आणि मला पण ती गाडी पाहिजे होती. गाळ बोटाला लागलेला असताना पाहिजे होती. मी बोट साडीला पुसलं.

हे तुम्हाला कुठे पाठवणार. ओट्यावर चहाच्या डब्याखाली ठेवते. सासूबाईंना वाचता येत नाही, घरात वाचणारा दुसरा एकच माणूस आहे आणि सकाळचा चहा तोच करतो. तरी जो कोणी वाचेल त्याने एवढं करा, माझ्या भावाला फोन लावा. नंबर मागे लिहिलाय. माझा आवाज ऐकला की तो कट करतो, म्हणून तुम्ही बोला. माझं नाव घेतलं नाही तरी चालेल. सांगा, एक गाडी बघायची आहे, घाट उतरायचाय, आणि त्यात एक लहान मूल बसणार आहे. हार घालायच्या आधी लावा.